आमची वाटचाल: टवके, ओरखडे आणि रंगाची जुळणी

आमची फर्म नव्या बोटी बांधत नाही. धक्क्याला घासून फायबरच्या बोटीवर ओरखडा पडला, नांगर वर घेताना नाळेवर, म्हणजे बोटीच्या पुढच्या टोकावर, आपटला, डेकवर पाना पडून टवका उडाला, की आम्हाला बोलावणं येतं. सुरुवातीला मी आणि माझा धाकटा भाऊ असे दोघंच होतो. मोठ्या वर्कशॉपना नखाएवढ्या टवक्यासाठी माणूस पाठवणं परवडत नाही आणि बोटीच्या मालकाला मात्र तो टवका रोज डोळ्यांत खुपतो. हे काम कुणीतरी मनापासून करायला हवं, असं आम्हाला वाटलं.

दोघंही फायबर मोल्डिंगमधून आलेलो. साच्यात आधी जेलकोट, म्हणजे बोटीचा सगळ्यात बाहेरचा रंगीत थर, मारायचा, त्यावर मॅट (काचतंतूंची चादर) आणि रेझिनचे थर चढवायचे, हे हातात बसलेलं होतं. दुरुस्तीत मात्र सगळं उलट असतं. साच्यात जेलकोटला हवा लागत नाही, म्हणून तो साच्याच्या बाजूने कडक आणि चकचकीत निघतो. बोटीवर उघड्यावर लावलेला साधा जेलकोट वरून चिकटच राहतो, कारण हवेतला ऑक्सिजन वरचा पापुद्रा सुकू देत नाही. त्यासाठी एकतर त्यात मेणाचं द्रावण घालावं लागतं किंवा वरून पातळ प्लास्टिकची फिल्म ताणून बसवावी लागते. लहान टवक्यांसाठी आम्ही फिल्मच वापरतो. पृष्ठभाग सपाट येतो आणि घासणंही कमी पडतं.

काम वाढलं ते रंगामुळे. पांढरी बोट म्हणजे पांढरा जेलकोट लावला की झालं, असं लोकांना वाटतं. पण पांढऱ्यातही पिवळसर, राखाडी, निळसर अशा छटा असतात, आणि उन्हाने जुना थर भुरकट झालेला असतो. म्हणून दुरुस्तीच्या शेजारची हातभर जागा आधी रबिंग कंपाउंडने घासून घेतो. खाली दडलेला रंग वर येतो आणि जुळणी त्याच्याशी करायची असते. पिगमेंट काडीच्या टोकाने घ्यायचं: पिवळ्या मातीच्या रंगाचा एक ठिपका, काळ्याचा अर्धा. हार्डनर (जेलकोट कडक करणारं रसायन) घालून नमुना बोटीवरच सुकवायचा आणि मग दिवसाच्या उजेडात दोन बाजूंनी पाहायचा, कारण ओला आणि सुकलेला रंग एकसारखा दिसेलच असं नाही. भाऊ यात तरबेज आहे. त्याने जुळवलेल्या प्रत्येक छटेची पट्टी आम्ही जपून ठेवतो. एखादी बोट पुन्हा आली की ती पट्टी काढून सुरुवात करतो; मधल्या काळात ऊन लागून बोटीचा रंग बदललेला असतो, एवढं फक्त लक्षात ठेवावं लागतं.

पुढे मदतीला मुलं आली, तेव्हा काही गोष्टी आम्ही पक्क्या केल्या. आधी साबणपाणी, मग वॅक्स काढायचं द्रावण, आणि त्यानंतरच पॉलिश पेपर. उलट केलं तर मेण घासून आत भरतं आणि नवा जेलकोट धरत नाही. केसासारख्या चिरेवर नुसता जेलकोट फासायचा नाही. ती इंग्रजी व्हीसारखी उघडायची, कडा उतरत्या करायच्या, मग भरायचं. आकसतो म्हणून थोडा उंच भरायचा. हार्डनर मोजून, साधारण एक ते दोन टक्के. तो डोळ्यांत गेला तर दृष्टी जाऊ शकते, त्यामुळे चष्मा आणि हातमोजे नसतील तर डबा उघडायचाच नाही. यात आम्ही कुणाचंही ऐकत नाही. शेवटचं घासकाम ठोकळ्यावर पेपर गुंडाळून, पाण्यासोबत, चारशे नंबरच्या पेपरपासून बाराशेपर्यंत चढत न्यायचं. नुसत्या बोटांनी घासलं तर खळगा पडतो आणि पॉलिशनंतर उन्हात तो लांबूनही दिसतो.

ज्या कामांना आम्ही नाही म्हटलं, त्यांनीही फर्मला आकार दिला. ताऱ्यासारख्या पसरलेल्या चिरा दिसल्या की आधी प्लास्टिकच्या हातोडीने टकटक करून पाहतो. आवाज बद्द आला तर आतले थर सुटलेले असण्याची शंका घ्यायची. एखाद्या खांबाच्या बुडाशी किंवा रेलिंगच्या बोल्टपाशी चिरा पुन्हा पुन्हा येत असतील, तर तिथलं फायबर लवतंय. आतून मजबुती दिल्याशिवाय वरचा जेलकोट कितीही सुबक केला तरी तो तडकणार. मालकाला हे स्पष्ट सांगतो आणि आतलं काम करायची तयारी नसेल तर काम घेत नाही. पाण्याखालच्या भागावर फोड आले असतील आणि ते फोडल्यावर आंबट वासाचं पाणी निघालं, तर ते किरकोळ दुरुस्तीत बसत नाही. थर सोलून हल, म्हणजे बोटीचं बाहेरचं अंग, नीट वाळवावा लागतो, म्हणून अशी बोट आम्ही मोठ्या यार्डाकडे पाठवतो.

आता आमच्याकडे छप्पर असलेली जागा आहे. भर उन्हात जेलकोट फार लवकर घट्ट होतो, गारठ्यात सुकतच नाही. सावलीच्या जागेमुळे कामाचा दर्जा सगळ्यात जास्त सुधारला. आणि आमच्याकडे येण्याआधी एवढं जरूर करा: टवका गोड्या पाण्याने धुवा, पूर्ण सुकू द्या, वरून चांगली टेप लावा. सिलिकॉन मात्र भरू नका. ते पूर्ण निघता निघत नाही, आणि त्यावर जेलकोट चिकटत नाही.