पेन्सिलीतली नावं

कुणी देणगीसाठी फोन केला की माझा पहिला प्रश्न असतो, पासपोर्ट कुठला? यावरून आमचे अध्यक्ष माझ्यावर कायम वैतागलेले. पण ट्रस्टचा हिशोब मी बघतो. परदेशी नागरिक झालेल्याचा पैसा, माणूस अगदी माजलगावात जन्मलेला असला तरी, एफसीआरएत, म्हणजे परदेशी देणग्यांच्या कायद्यात मोडतो आणि ती नोंदणी आमच्याकडं नाही. मस्कतचे काका हसले. "भारताचाच आहे रे बाबा. आखातात कोण नागरिकत्व देतंय आपल्याला?" मग मी रक्कम विचारली. एक कोटी, म्हणाले. आमचं वर्षाचं बजेट तेव्हा चाळीस लाखांच्या आत होतं. मी फोन कानाला लावूनच उभा राहिलो.

काका मूळचे धारूर तालुक्यातले. १९७२च्या दुष्काळात नऊ-दहा वर्षांचे असतील. आई खडी फोडायला जायची. रोजगार हमीचा कायदा १९७७चा, पण कामं दुष्काळातच निघाली होती. पुढं काकांनी मस्कतला बांधकामात नाव काढलं, धंदा मुलाच्या हाती दिला. आता आईच्या नावानं गावाकडच्या लेकरांच्या पोटासाठी काहीतरी करायचं होतं.

दोन रात्री जागून मी प्रस्ताव लिहिला. मध्यवर्ती स्वयंपाकघर, भोजनगृह, छतावर सोलर, दारात आईच्या नावाची कमान. सात गावं, सहा वर्षांखालची ३१२ लेकरं. खरं सांगायचं तर हात आपोआपच इमारतीकडं वळतो. मोठ्या कंपन्यांना २०१३च्या कायद्यानं नफ्यातले दोन टक्के समाजासाठी खर्चावे लागतात, ३१ मार्च तोंडावर आला की त्यांना फोटो लागतो आणि फोटो भिंतीचाच चांगला निघतो. आम्हीही त्याच वळणाचे झालोय.

दिवाळीनंतर दुसऱ्या आठवड्यात काका आले. आदल्या दिवशी मी अंगणवाडीच्या ताईंना फोन करून सांगितलं होतं, पाहुणे येणारेत, लेकरं जमवून ठेवा. त्या म्हणाल्या, "कुठून जमवू सर? शेजारच्या गावची आणू का?" मला तो विनोद वाटला.

अंगणवाडीत नऊ लेकरं होती. काकांनी हजेरी मागितली. ४१ नावं. त्यातल्या २९ नावांपुढं पेन्सिलीनं बारीक 'स्थ.' लिहिलेलं. "हे काय?" ताई म्हणाल्या, "स्थलांतरित. पेननं लिहिलं तर परत आल्यावर खोडता येत नाही."

मला हे माहीत नव्हतं असं नाही. दसरा झाला की बालाघाटातली गावं रिकामी व्हायला लागतात. नवरा-बायकोचा मिळून एक कोयता, मुकादमाकडून आगाऊ घेतलेली उचल आधीच खर्चून झालेली, ट्रॅक्टर भरून माणसं ऊस तोडायला साखर कारखान्यांकडं जातात ती थेट उन्हाळ्यात परततात. तान्ही आणि दोन-तीन वर्षांची लेकरं बहुतेक सोबतच. मी मात्र वर्षाची हजेरी उचलून प्रस्तावात टाकली होती. माझं स्वयंपाकघर वर्षातले पाच-सहा महिने कुणाला जेवू घालणार होतं, देव जाणे.

ताईंनी कुपोषण ओळखायची दंडघेराची पट्टी काढली. साडेअकरा सेंटिमीटरच्या खाली लाल, साडेबारापर्यंत पिवळा, त्यावर हिरवा. आठ लेकरं पिवळ्या-हिरव्यात बसली. नववा, सव्वादोन वर्षांचा, आजीच्या कडेवर. पट्टी ११.२ वर थांबली. तोंड आलं म्हणून आईनं मागं ठेवलेला. भूक चाचणीत त्यानं दिलेलं सगळं खाल्लं, म्हणजे दवाखान्यात न नेता गावातच उपचार होणार होता. ताईंना हायसं वाटलं. घरी काय खातो, असं मी विचारलं, तर आजी म्हणाली, "चहात बिस्कीट खायलंय. मलाच दात न्हाईत मालक, भाकर कोण चावून देणार त्याला?"

काका आजीसोबत तिच्या घरापर्यंत गेले. ओसरीत मोडका, मागं राहिलेला एक कोयता पडला होता. पट्टी अजून काकांच्या हातातच होती. काय मनात आलं कुणास ठाऊक, त्यांनी ती कोयत्याच्या मुठीभोवती गुंडाळली. मूठ पिवळ्यात आली. कुणीच काही बोललं नाही.

गाडीत बसल्यावर त्यांनी विचारलं, "मग ती ३१२ आत्ता कुठंयत?"

"कारखान्यांवर. झोपड्यांत, कोप्यांत."

"आणि जेवण तू इथं शिजवणार." जरा वेळानं म्हणाले, "दुष्काळात आम्हाला खायला सुकडी घरी कुणी आणून दिली नव्हती. खडीवर दिली. माणसं तिथं होती ना."

रात्री धारूरच्या लॉजवर बसून आम्ही नवा कागद केला. टोळीच्या अड्ड्यावरच लेकरांना शिजवून घालायचं, पट्टी लावायची. करणार कोण? टोळीतली बाई मागं ठेवली तर तिचा अर्धा कोयता मोडतो, मुकादम ते चालू देणार नाही. म्हणून ज्यांच्यानं ऊस तोडणं होत नाही, पण ज्या लेकीसुनांसोबत जायला तयार आहेत, अशा वयस्क बायका घ्यायच्या आणि त्यांना पगार द्यायचा. सहा टोळ्या, बारा बायका, दोन कार्यकर्ते, एक गाडी. काकांनी बेरीज बघितली. "हे सगळे पगारच की."

"होय."

"माझ्या मजुरांचे पगार कापून मी कधी इमारत बांधली नाही," एवढंच बोलले. कमानीचा विषय निघालाच नाही.

पहिल्या वर्षाला त्यांनी अठरा लाख दिले, बाकीचं काम बघून म्हणाले. अध्यक्षांनी मला समोर बसवून ऐकवलं, की हातातला कोटी घालवलास. २०१९ साली अझीम प्रेमजींनी आपल्या फाउंडेशनला दिलेलं एकूण धन १ लाख ४५ हजार कोटींवर गेलं तेव्हा याच अध्यक्षांनी ऑफिसात पेढे वाटले होते, जणू त्यातलं काही आमच्याकडं येणार होतं. त्यांचा राग मी समजू शकतो. गळक्या भाड्याच्या खोलीत ऑफिस चालवणाऱ्याला भिंतीचा मोह होणारच. पहिल्या महिन्यात दोन टोळ्यांनी अड्डे बदलले आणि आमची गाडी कर्नाटकाच्या हद्दीपर्यंत त्यांना शोधत फिरली, तेव्हा मलाही तो मोह झाला.

जानेवारीत मस्कतहून फोन आला. मी खर्चाची फाइल ओढली, पण त्यांना दुसरंच विचारायचं होतं.

"तो आजीजवळचा. किती भरला?"

"१२.१."

"म्हणजे पिवळा."

"पिवळा."

"बरं," म्हणाले. मग थोडं थांबून, "आणि त्या मोठ्या पातेल्यांचं बिल दोनदा का लागलंय, ते सांग."