नाशिकहून आईबाबा ब्रिटनला येताना: साखर घसरली तर

ब्रिटनमधल्या ग्लुकोमीटरवर ३.२ आकडा आला, तर नाशिकहून आलेल्या मधुमेही आईबाबांना तो कमी की जास्त हेच कळत नाही. इथे साखर मिलिमोलमध्ये मोजतात. आपल्याकडच्या मिलिग्रॅममधला आकडा हवा तर १८ ने गुणायचं: ५८, म्हणजे चांगलीच कमी. आपल्याकडे ७० च्या खाली धोका, इथे ४ च्या खाली. घरचंच मीटर आणि मुक्कामभर पुरतील एवढ्या पट्ट्या आणलेल्या बऱ्या.

पहिली घसरण विमानाच्याही आधी होऊ शकते. इन्सुलिन घेऊन निघालं आणि गाडी कसारा घाटात अडकली की जेवण लांबतं. साखर हातातल्या पिशवीत हवी, डिकीतल्या बॅगेत नको. पोचल्यावर घाम, थरथर, चिडचिड, अडखळतं बोलणं दिसलं तर प्रवासाचा शीण म्हणून झोपवू नका. आधी बोट टोचा. मीटर हाताशी नसेल तर सरळ साखर द्या.

माणूस शुद्धीत असेल आणि गिळता येत असेल तर १५ ग्रॅम साखर, म्हणजे सपाट ३-४ चहाचे चमचे, पाण्यात विरघळवून द्यायची. १५ मिनिटांनी पुन्हा मोजायचं. अजून कमी असेल तर तेवढीच परत. पेढा किंवा चॉकलेट नको, त्यातल्या स्निग्धांशामुळे साखर रक्तात उशिरा उतरते. २०१८ च्या साखर-करामुळे इथल्या बऱ्याच शीतपेयांतली साखर घटली आहे, त्यामुळे बाटलीवरचा आकडा वाचा. साधा कोक १५० मिलिलिटर पुरतो, डाएट कोक काहीच कामाचा नाही.

व्होग्लिबोज किंवा अकार्बोज या मधुमेहाच्या गोळ्या चालू असतील तर मात्र घरची साखर लवकर लागू पडत नाही. तिचं विघटनच ही औषधं रोखतात. तिथे ग्लुकोजच हवं: साधी पावडर किंवा साधारण ४ ग्रॅमच्या ४ गोळ्या. ग्लिमेपिराइड ही मधुमेहाची गोळी घेणाऱ्यांची साखर सावरल्यावरही काही तासांनी पुन्हा घसरू शकते. त्यांना पोळी-भाजी खायला घाला, रात्री उठून मोजा आणि डॉक्टरांना कळवा.

सगळ्यात जास्त जपायचं ते सिरिंजला. आपल्याकडच्या इन्सुलिनच्या बऱ्याच कुप्या मिलिलिटरला ४० युनिटच्या असतात, इथल्या १०० च्या. लाल टोपणाच्या आपल्या सिरिंजने इथल्या कुपीतून २० च्या खुणेपर्यंत भरलं, तर अंगात ५० युनिट जातात. अडीचपट! कुपी आणि सिरिंज एकाच मापाच्या हव्यात, आणि हे आईबाबांना निघण्याआधीच दाखवून ठेवा.

शुद्ध हरपली तर तोंडात काहीही घालू नका, साखरपाणी श्वासनलिकेत जातं. कुशीवर वळवा आणि ९९९ ला फोन करा, नाशिकला असाल तर १०८ ला. डॉक्टरांनी ग्लुकागॉन, म्हणजे यकृतातली साखर रक्तात सोडायला लावणारं इंजेक्शन, लिहून दिलं असेल तर ते लगेच द्या. त्यानंतर उलटी होऊ शकते, म्हणून कुशीवरच ठेवा. दिवसभराचा कडक उपास झाला असेल तर ग्लुकागॉन कमी परिणाम करतं, कारण यकृतातला साखरेचा साठाच संपत आलेला असतो. तेव्हा इंजेक्शन दिलं म्हणून फोन टाळू नका.