कॅलिप्सो १:४८ : खोटं नाक बसलं, विहीर पाण्यात तपासली

मंडळी, कॅलिप्सो नौकेच्या माझ्या १:४८ प्रमाणातल्या मॉडेलचा उलटा सांगाडा आता सुलटा झाला आहे. फळ्या चढल्या, आतून इपॉक्सीचा हात फिरला. या पावसाळ्यात ज्या दोन कामांची मी सर्वांत जास्त वाट पाहत होतो, तीही झाली: नाळेपुढचं, म्हणजे नौकेच्या पुढच्या टोकावरचं खोटं नाक आणि तळातून आरपार जाणारी पाणबुड्यांची विहीर.

नवीन आलेल्यांसाठी थोडक्यात. फ्रेंच समुद्रसंशोधक जाक इव्ह कुस्तो यांची कॅलिप्सो मुळात ब्रिटिश नौदलाची सुरुंग काढणारी नौका. ती बांधली मात्र अमेरिकेत, सिअ‍ॅटलच्या बॅलार्ड मरीन रेल्वे या गोदीत, आणि मार्च १९४२ मध्ये पाण्यात उतरली. अमेरिकेने मित्रदेशांना युद्धसामग्री पुरवण्याच्या लेंड-लीज योजनेखाली ब्रिटिशांकडे गेली आणि युद्धकाळात भूमध्य समुद्रात राबली. युद्धानंतर माल्टा आणि गोझो या बेटांदरम्यान फेरीबोट म्हणून चालली. कॅलिप्सो हे नाव तिला तिथेच मिळालं, कारण ग्रीक पुराणकथेतल्या कॅलिप्सो अप्सरेचं बेट म्हणजे गोझो असं मानतात. १९५० मध्ये लोएल गिनेस या ब्रिटिश धनिकाने ती विकत घेतली आणि वर्षाला एक फ्रँक अशा नाममात्र भाड्याने कुस्तोंना दिली. फ्रान्सच्या आँतीब बंदरात तिचं रूपांतर झालं आणि नोव्हेंबर १९५१ मध्ये ती पहिल्या मोठ्या मोहिमेवर तांबड्या समुद्राकडे निघाली.

मी करतोय ती हीच १९५१ची कॅलिप्सो. बहुतेक जण पुढे हेलिकॉप्टरचा ओटा आणि मागे मोठी क्रेन असलेलं नंतरचं रूप करतात. ते देखणं आहे यात वाद नाही. पण त्या रूपात नव्या सामानाखाली जुनी नौका झाकली जाते. १९५१ मध्ये युद्धनौका, फेरीबोट आणि मोहिमेची नौका असे तिन्ही जन्म एकाच वेळी डोळ्यांना दिसतात. म्हणून मी मॉडेल इतिहासाच्याच क्रमाने बांधतोय: आधी पूर्ण सुरुंगनौका, मग तिच्यावर कापाकापी. वेळ जास्त जातो, पण प्रत्येक बदल का शक्य झाला ते हाताला कळतं.

पहिलं उदाहरण लाकडाचं. चुंबकीय सुरुंग समुद्राच्या तळाशी पडून राहतो. वरून पोलादी जहाज गेलं की त्या जागेचं चुंबकीय क्षेत्र बदलतं आणि तेवढ्याने तो फुटतो. नोव्हेंबर १९३९ मध्ये टेम्सच्या मुखाजवळ शूबरीनेसच्या चिखलात जर्मनांचा असा एक सुरुंग ब्रिटिशांना न फुटता सापडला. त्याची उकल झाल्यावर लाकडी सुरुंगनौकांचं मोल एकदम वाढलं. म्हणून कॅलिप्सोचं अंग ओरेगॉन पाइनचं, आणि आतल्या फ्रेम जवळजवळ बसवलेल्या. भक्कम, उथळ पाण्यात जाणारी आणि दोन पंख्यांची नौका. आता प्रवाळांच्या कडेकडेने हिंडायला कशी नौका हवी असा विचार करा: भक्कम, उथळ, दोन पंख्यांची! सुरुंगांसाठी केलेली आखणी प्रवाळांसाठी जवळजवळ जशीच्या तशी कामाला आली.

फळ्यांसाठी मी शिवणीचं लाकूड वापरलं. सागवान सहज मिळत होतं, पण त्याच्यातल्या तेलामुळे गोंद पकडायला कुरकुरतो, शिवाय वजनही वाढतं. शिवण हलकी, सरळ रेषांची आणि दमट हवेत कमी वाकणारी. तरी गोव्याचा पावसाळा तो पावसाळाच. कापलेल्या पट्ट्या मी बल्ब लावलेल्या पत्र्याच्या पेटीत ठेवल्या आणि लागेल तेवढ्याच बाहेर काढल्या. ओली पट्टी चिकटवली तर नोव्हेंबरात सांधे उघडणार हे नक्की.

जून-जुलैत मासेमारी बंद असते. त्या दिवसांत गोव्यातल्या कुटबणच्या जेटीकडे एक फेरी माराच, असं मी प्रत्येक जहाजवाल्याला सांगेन. एरवी पाण्याखाली असणारं सगळं तेव्हा डोळ्यांसमोर असतं: कील म्हणजे तळाचा कणा, पंख्यामागचं सुकाणू, फळ्यांच्या सांध्यांत सूत ठोकून केलेली कलाफत. एका जुन्या लाकडी ट्रॉलरवर काम करणाऱ्या मेस्तांना, म्हणजे सुतारांना, मी माझा सांगाडा दाखवला. बराच वेळ त्यांनी तो हातात फिरवला आणि म्हणाले, "बाब, मागच्या डेकाखाली तुळया वाढवा. तिथं ओझं येणार ना?" त्यांना नौकेचा इतिहास ठाऊक नव्हता, नुसत्या आकारावरून ओळखलं.

आणि खरंच, या नौकेचं सगळं रहस्य मागच्या डेकात आहे. सुरुंगनौकेचा मागचा भाग बुटका आणि मोकळा ठेवावा लागतो, कारण तिथूनच जाडजूड केबल आणि तरंगते बोये पाण्यात सोडायचे आणि परत ओढून घ्यायचे. युद्ध संपलं, सामान उतरलं, आणि तीच मोकळी जागा गोझोला जाणाऱ्या गाड्यांना उपयोगी पडली. पुढे तिथेच पाणबुड्यांच्या टाक्या, दोऱ्या आणि छोट्या होड्या आल्या. आपल्या रायबंदर-चोडण फेरीवर उभं राहिलं की गाड्या चढताना डेक किती झुकतं आणि पुन्हा कसं सावरतं ते नीट बघता येतं. मी तुळया वाढवल्या आहेत. मेस्तांचा सल्ला पुढे क्रेनवालं रूप करणाऱ्यांनाही लागू पडेल, कारण १९५९ मध्ये एसपी-३५० ही दोघांची बुडती बशी, म्हणजे बशीच्या आकाराची छोटी पाणबुडी आली आणि तिचा भारही याच डेकाने पेलला.

आता नाक. मूळ लाकडी नाळेला धक्का न लावता तिच्यापुढे धातूची दुसरी नाळ बसवली होती आणि तिच्यात पाण्याखाली निरीक्षणाची खोली होती. गोल काचांमागे बसून चालत्या नौकेतून समुद्र पाहायचा. माझ्या मॉडेलवरही लाकडी नाळ पूर्ण घासून, सील करून मगच पितळी पत्र्याचं नाक वेगळं वळवलं आणि पिना मारून बसवलं. दोघांमधला सांधा मी पुट्टीने बुजवलेला नाही, बारीक रेघ मुद्दाम दिसू दिली आहे. ही जोड पाहणाऱ्याला कळायलाच हवी, असं माझं ठाम मत आहे. काचांसाठी पारदर्शक अ‍ॅक्रिलिक दांड्याच्या चकत्या कापून आतून इपॉक्सीत बसवल्या.

विहिरीबद्दल अनेकांनी विचारलं होतं की तळाला भोक पाडल्यावर नौका बुडत कशी नाही. नळीतलं पाणी बाहेरच्या पाण्याच्या पातळीपर्यंतच चढतं. नळीचं वरचं तोंड त्या पातळीच्या वर असलं की आत थेंब येत नाही. गमावतो ती फक्त नळीत मावणाऱ्या पाण्याएवढी उचल. माझी पितळी नळी २५ मिलिमीटर व्यासाची आहे आणि मॉडेल साधारण ६.३ सेंटिमीटर बुडतं, म्हणजे जेमतेम ३० ग्रॅमचं नुकसान. खऱ्या नौकेत या विहिरीचा फायदा असा की समुद्र खवळलेला असतानाही पाणबुड्याला बाजूच्या लाटांत उडी मारावी लागत नाही; तो नौकेच्या मधोमध, जिथे डोलणं सर्वांत कमी, तिथून खाली उतरतो.

वजनाचा हिशेब: मूळ नौका सुमारे ४२ मीटर लांब, ३६० टनांच्या आसपास. १:४८ ला लांबी ८८ सेंटिमीटर. वजन मात्र ४८च्या घनाने भागायचं, म्हणजे सव्वातीन किलोच्या जवळ. सध्या अंग, मोटरी आणि बॅटरी मिळून त्याहून बरंच कमी भरतं, तेव्हा कीलजवळ शिशाला भरपूर वाव आहे. वेगाला ४८च्या वर्गमुळाने भागायचं. मूळ नौका १० नॉटची, म्हणजे मॉडेल सेकंदाला पाऊण मीटर गेलं पाहिजे, माणसाच्या निवांत चालीपेक्षाही कमी. याहून जोरात पळवलं की लाटा खोट्या दिसतात आणि नौकेची ऐट जाते. दोन्ही मोटरींना वेगळे कंट्रोलर दिले आहेत, म्हणजे एक पुढे, एक मागे फिरवून ती जागच्या जागी वळवता येईल.

पहिली चाचणी घरच्या टाकीत झाली. विहीर कोरडी, नाकाचा सांधा कोरडा, उजवीकडे किंचित कल, तो बॅटरी सरकवून गेला. पुढची चाचणी चवथ (गणेशचतुर्थी) झाल्यावर मानशीच्या, म्हणजे खाडीचं पाणी अडवणाऱ्या दाराच्या, आतल्या शांत, निमखाऱ्या पाण्यात. पाण्याच्या खारेपणाने जलरेषा वरखाली होते, पण या आकाराला गोड्या आणि खाऱ्या पाण्यातला फरक एक मिलिमीटरच्या आतच राहतो, त्यामुळे रेषा आखायला अडचण नाही.

त्यानंतर ब्रिज, म्हणजे नौका चालवायची खोली, आणि त्याच्यापुढची उंच कमान. प्रवाळांचे उथळ भाग डेकावरून पाहिले तर पाण्याची चकाकी आड येते, उंचावरून तळाचे रंग उमटतात, म्हणून ही धातूची दुहेरी कमान नौकेवर चढली. ती मी पितळी नळ्यांची करणार आहे, चांदीच्या डागाने जोडून. कुणी १.५ मिलिमीटरच्या नळ्या न चेपता वाकवल्या असतील तर आत बारीक वाळू भरली की मेण, ते जरूर लिहा. कमानीला हात घालण्याआधी मला ते हवं आहे.