छप्पर गळतंय? आधी वासे बघा, मग कौलं

गळणारं कौलारू छप्पर बघून घरात पहिला निष्कर्ष निघतो तो 'कौलं गेली'. बहुतेक वेळा कौलं गेलेली नसतात. जातं ते लाकूड, आणि तेही सगळं नाही, ठरावीक जागी. तेवढं नीट तपासलं तर शाकारणीवर (कौलं काढून, साफ करून पुन्हा नीट लावण्यावर) भागेल, एक पाखं (छपराची एक उतरती बाजू) उतरवावं लागेल की सगळंच नवं करावं लागेल, याचं उत्तर दोन-तीन तासांत मिळतं. रायगडपासून सिंधुदुर्गापर्यंत आणि गोव्यात जी मंगलोरी कौलांची, लाकडी वाशांची, चिऱ्याच्या (जांभ्या दगडाच्या) भिंतींची घरं आहेत, त्यांच्यासाठी हे लिहितो आहोत.

कौल किती टिकतं ते आधी पाहू. एखादं जुनं कौल उलटं करा, मागे कारखान्याचा ठसा असतो. काहींवर बासेल मिशन या स्वित्झर्लंडच्या ख्रिस्ती मिशनरी संस्थेचं नाव आणि १८६५ हे साल दिसतं. ते साल कौल भाजल्याचं नाही, मंगळूरचा कारखाना सुरू झाल्याचं आहे. पण पहिल्या महायुद्धात हे कारखाने मिशनच्या हातून गेले आणि पुढे कॉमनवेल्थ ट्रस्टकडे आले. म्हणजे हा ठसा असलेलं कौल साधारण शंभर वर्षांचं आहेच, आणि अशी कौलं आजही पाऊस झेलत आहेत. ती भंगारात टाकून नवी आणण्याआधी दहा वेळा विचार करावा.

तपासणी खालून, माळ्यावरून सुरू करायची. बॅटरी, टोकदार स्क्रूड्रायव्हर, हातोडी, सूतदोरी आणि खडू एवढं पुरतं. वासा सहसा दोन ठिकाणी कुजतो: भिंतीवर टेकतो तिथे आणि वळचणीच्या, म्हणजे भिंतीबाहेर आलेल्या छपराच्या, टोकाला. या दोन कुजण्यांत फार फरक आहे. वळचणीचं टोक पागोळ्यांनी भिजून मऊ पडलेलं असेल तर ते दिसायला वाईट, पण घर त्यावर उभं नाही. ते कापून नवा तुकडा जोडता येतो. भिंतीवरचा भाग मात्र सगळा भार घेतो. चिरा पाणी शोषतो, त्याला चिकटलेलं लाकूड चार महिने ओलं राहतं, वारा लागत नाही आणि कूज आतून सुरू होते. वरून रंग दिलेला असेल तर कळतही नाही.

म्हणून प्रत्येक वाशाला भिंतीजवळ स्क्रूड्रायव्हर दाबून बघायचा. टोक पाव इंचाच्या आत अडलं तर वासा धड. जोर न लावता अर्धा इंच किंवा जास्त आत गेलं, तर तो वासा गेला असं धरा. हातोडीने ठोकल्यावर धड लाकूड टणक वाजतं, पोकळ लाकडाचा आवाज भद्द येतो. खडूने वाशावरच खूण करा: भिंतीवर कुजलेल्याला फुली, वळचणीला कुजलेल्याला गोल. भिंतीच्या माथ्यावर वासे ज्या आडव्या लाकडावर बसतात, त्यालाही दर दोन फुटांवर टोचून बघा. तेच भुसभुशीत असेल तर वरचे वासे कितीही चांगले असले तरी काम मोठं आहे.

मातीच्या नळ्या दिसल्या तर वाळवी, पिठासारखा बारीक भुसा पडत असेल तर भुंगा. वाळवी जमिनीतून भिंतीच्या सांध्यांतून चढते. वाट बंद केल्याशिवाय वासे बदलले तर ती नव्या वाशांनाही लागणार, म्हणून जोत्याशी आणि भिंतीच्या माथ्यावर औषध मारूनच पुढे जा. भुंगा जास्त करून बाहेरचं पांढरं लाकूड पोखरतो, जुन्या सागवानाच्या गाभ्याला सहसा हात लावत नाही. तिथे पांढरं तासून काढलं आणि उरलेला वासा मापात बसला तर तो ठेवायला हरकत नाही.

आता सूतदोरी. आढ्यापासून (छपराच्या माथ्यावरच्या आडव्या लाकडापासून) भिंतीपर्यंत वाशाच्या खालच्या कडेला दोरी ताणून धरा. १० फुटांच्या वाशाला इंचभर पोट आलं असेल तर ते जुनं वाकणं आहे, त्याला हात लावू नका. दोन इंचांच्या पुढे गेलं तर दुखणं. कारण फक्त मजबुतीचं नाही. वासा मध्ये बसला की त्याच्या खालच्या अर्ध्या भागात उतार कमी होतो, आणि मंगलोरी कौलाला १२ इंचाला निदान ६ इंच उतार लागतोच. कोकणच्या पावसाला ७ इंच असला तर बरं. उतार मोडला की पाणी रेंगाळतं, कौलांच्या खाचा एकमेकींत नीट बसत नाहीत आणि वाऱ्याबरोबरचा पाऊस उलटा आत शिरतो. अशा जागी दर वर्षी कौलं बदलणारी माणसं पुष्कळ आहेत. गळती थांबत नाही, कारण कौलाचा त्यात दोषच नसतो.

लाकूड पाहून झालं की मग कौलं. नुसतं फुटलेलं कौल ही सगळ्यांत सोपी गळती: वानरं उड्या मारतात, नारळ पडतो, फांदी घासते. पण आत ओला डाग दिसतो तिथेच वर फूट असेल असं नाही. पाणी रिपेवरून (कौलं अडकवायच्या आडव्या पट्टीवरून) आडवं आणि वाशावरून खाली वाहत जाऊन दोन-तीन फूट लांब ठिबकतं. डागापासून वाशावरून वरच्या बाजूला शोधत जा. ओळच्या ओळ ओलसर दिसत असेल तर खाचांत शेवाळ आणि पाचोळा भरलाय, पाणी तुंबून कडेवरून उतरतंय. कौल काढून तारेच्या ब्रशने खाच साफ केली की तेच कौल पुन्हा चालतं.

कौल चांगलं की वाईट हे कानाने कळतं. हातात उभं धरून बोटाच्या पेराने वाजवा. खणखणीत वाजलं तर ठेवा. बद्द वाजलं तर केसाएवढी चीर आहे, डोळ्याला दिसली नाही तरी. शंका असेल तर चार-पाच कौलं कोरडी वजन करून २४ तास पाण्यात ठेवा आणि पुन्हा वजन करा. अडीच किलोचं कौल तीन किलोच्या पुढे गेलं, म्हणजे पाचव्या हिश्शाहून जास्त पाणी प्यायलं, तर त्या खेपेची कौलं उतरवण्याच्या लायकीची.

खरी गळती मात्र सांध्यांत असते, आणि त्यातही पन्हळीत. दोन पाख्यांचं पाणी एकत्र येतं तिथला पत्रा गंजून चाळण झालेला असतो, वर पाचोळा बसलेला असल्याने तो दिसत नाही. तिथे जाड अ‍ॅल्युमिनियमचा किंवा स्टेनलेस स्टीलचा, निदान दीड-दोन फूट रुंद पत्रा घाला, दोन्ही कडा इंचभर वर दुमडलेल्या. जोड आलाच तर वरचा तुकडा खालच्यावर ६ इंच चढलेला हवा. अ‍ॅल्युमिनियमला साधे लोखंडी खिळे मारू नका, खाऱ्या हवेत खिळ्याभोवतीच तो खाल्ला जातो. पडवीचं छप्पर भिंतीला भिडतं तिथे चिऱ्यात इंचभर खोल खाच कापून पत्र्याची कड आत सारायची आणि वरून चुना-वाळूने बंद करायची. नुसता पत्रा भिंतीला लावून कडेने सिमेंट फासलं तर दुसऱ्या पावसाळ्यात ते सुटतं.

सिमेंटबद्दल थोडं जास्त बोलावं लागेल. आढ्यावरच्या कोन्यांना (माथा झाकणाऱ्या कौलांना) नुसतं सिमेंट भरण्याची सवय सगळीकडे आहे. लाकूड पावसात फुगतं, उन्हात आक्रसतं, सिमेंट हलत नाही, म्हणून त्याला बारीक चिरा पडतात. त्या चिरांतून पाणी आत ओढलं जातं आणि सिमेंटच्या कवचामुळे वाळत नाही. कोन्याखालचं आढं कुजतं ते इथून. १ भाग चुना, ३ भाग वाळू आणि त्यात थोडंसंच सिमेंट असा माल लवचिक राहतो. डांबर आणि चिकटपट्ट्या एका मोसमापुरत्या. आणि कौलांखाली रिपांवर थेट प्लॅस्टिक अंथरणं ही तर सगळ्यांत महाग पडणारी बचत आहे. आत आलेलं पाणी प्रत्येक रिपेपाशी तुंबतं, रीप वरच्या बाजूने कुजते, खालून बघणाऱ्याला प्लॅस्टिक कोरडं दिसतं. अंथरायचंच असेल तर वाशांवर कागद, त्यावर वाशाच्या रेषेत अर्ध्या इंचाची उभी पट्टी आणि मग आडव्या रिपा, म्हणजे पाणी पट्टीच्या उंचीतून वळचणीपर्यंत वाहून जातं.

आता हिशोब. समजा घर ३० बाय २४ फुटांचं, दुपाखी, आढ्याच्या दिशेने दोन्हीकडे २ फूट आणि वळचणीला अडीच फूट छप्पर बाहेर, उतार ३० अंशांचा. एक पाखं ३४ फूट लांब आणि १६ फूट ९ इंच उताराचं होतं, दोन्ही मिळून ११४० चौरस फूट, म्हणजे साडेअकरा ब्रासला थोडं कमी (ब्रास म्हणजे १०० चौरस फूट). ब्रासला १४० कौलं धरली तर १६०० कौलं, तूटफूट धरून १७००. आढ्याला तीसेक कोने. दोन फुटांवर एक याप्रमाणे ३६ वासे. साडेबारा इंचांवर रीप धरली तर पाख्याला १७ ओळी, एकूण साधारण ११६० फूट रीप.

या ३६ वाशांवर किती फुल्या आल्या ते मोजा. पाच-सहा असतील तर दुरुस्ती. कुजलेल्या वाशाशेजारी तेवढ्याच मापाचा जोडवासा लावायचा, कुजीच्या पुढे धड लाकडात निदान ३ फूट जाईल असा, खिळ्यांनी नाही तर १२ मिलिमीटरच्या बोल्टांनी, दोन्ही बाजूंना रुंद वायसर घालून. बोल्ट कुजलेल्या भागात येता कामा नये, आणि जोडवासाही भिंतीवर पूर्ण टेकला पाहिजे. चिरा आणि लाकूड यांच्यामध्ये डांबरी फेल्टचा तुकडा ठेवा. बारा किंवा जास्त फुल्या आल्या, की एकेक बदलण्यात मजुरी वाया जाते. पण उतरवण्याआधी त्या कुठे आहेत ते बघा. कोकणात पावसाचा वारा नैऋत्येचा, त्यामुळे समुद्राकडचं पाखं कुजलेलं आणि पूर्वेचं ठणठणीत असं नेहमी आढळतं. तिथे एकच पाखं नवं करा. आमच्या मते जुन्या घरांसाठी हाच उपाय सर्वाधिक वेळा बरोबर असतो, आणि तोच सगळ्यांत कमी सुचवला जातो, कारण ठेका पूर्ण छपराचा मिळाला तर ठेकेदाराला सोयीचं.

सगळंच बदलायचं ठरलं तर पत्रा की कौलं? पत्रा लवकर होतो आणि लाकूड कमी लागतं, हे खरं. पण वजनाचा विचार कुणी करत नाही. कौलं ब्रासला साडेतीनशे किलो भरतात, भिजली की चारशेच्या आसपास. अर्ध्या मिलिमीटरचा रंगीत पत्रा ब्रासला चाळीस-पंचेचाळीस किलो. जुनं घर हे वजन अंगावर घेऊनच वाऱ्यात टिकलेलं असतं. पत्रा घातला की छपराला खाली धरून ठेवणारं काही उरत नाही. ३ जून २०२० ला निसर्ग चक्रीवादळ श्रीवर्धन-मुरूडच्या पट्ट्यावर आलं तेव्हा पत्रे सांगाड्यासकट उडाले. म्हणून पत्रा घालायचा तर भिंतीच्या माथ्यावर सळ्या घातलेला ६ इंचांचा काँक्रीटचा पट्टा हवा, आणि त्यातून दर ४ फुटांवर १२ मिलिमीटरचा बोल्ट वर काढून सांगाडा त्याला आवळलेला हवा. शिवाय स्क्रूखालचा रबरी वायसर पत्र्याच्या आधी जातो. स्क्रू जास्त पिळला तर पहिल्याच दिवशी.

स्लॅबचा विचार असेल तर एवढंच: चार इंची स्लॅब ब्रासला सव्वादोन टनांच्या पुढे जातो. मातीत बांधलेल्या चिऱ्याच्या भिंतीवर तो घालू नका.

कौलंच ठेवणार असाल तर नवं लाकूड डिसेंबर-जानेवारीत आणून सावलीत थप्पी लावा, मध्ये पट्ट्या ठेवून. ओलं लाकूड मे महिन्यात बसवलं तर दिवाळीपर्यंत पिळवटतं. चढवण्याआधी बोरॅक्स-बोरिकचं पाणी किंवा काजूच्या टरफलांचं तेल, विशेषतः कापलेल्या टोकांना. काजूचं तेल कातडी भाजतं, हातमोजे घातल्याशिवाय हात लावू नका. उतरवलेली कौलं आडवी रचायची नाहीत, कडेवर उभी आणि दोनच थर.

जोडीला जुनी कौलं विकत घेणार असाल तर आपलं एक कौल बरोबर न्या. वेगवेगळ्या कारखान्यांच्या मापात दोन-तीन मिलिमीटरचा फरक असतो. एका जोडीत तो कळत नाही, दहा कौलं जमिनीवर ओळीने अडकवली की शेवटची खाच बसत नाही. त्यामुळे एका पाख्यावर एकाच ठशाची कौलं ठेवा, मिसळलेली पडवीला वापरा.

वळचणीची पहिली रीप कौलाच्या जाडीएवढी उंच हवी, नाहीतर खालची ओळ नाक खाली घालून बसते आणि पाणी मागे ओढते. खालच्या दोन ओळी आणि दोन्ही कडांची कौलं तांब्याच्या तारेने रिपेला बांधा, कौलाच्या मागच्या उंचवट्याला त्यासाठी भोक असतं. काम मेच्या मध्यापर्यंत उरका, म्हणजे वळवाच्या सरीत एकदा परीक्षा होते. पहिल्या जोरदार सरीत माळ्यावर चढून ओल दिसेल तिथे वाशावर खडूने तारीख टाका. उरलेली पन्नासेक कौलं आणि चार कोने पडवीत उभे लावून ठेवा, आणि ठशाचं नाव त्यांच्या वरच भिंतीवर लिहा.