गतिरोधक फर्म्याशिवाय घालू नका

नाशिकच्या वसाहतींमधल्या आतल्या रस्त्यांवरचे बरेच गतिरोधक हातभर रुंद आणि टोकदार असतात. सावकाश जाणाऱ्याच्या कमरेला ते दणका देतात. वेगात असलेल्या मोटारीत मात्र धक्का स्प्रिंगच पचवते, आतल्याला फारसं काही जाणवत नाही. शिक्षा नेमकी हळू चालवणाऱ्याला! रबरी पट्ट्यांची तऱ्हा आणखी वाईट, कारण तुकडे उखडतात आणि खिळे रस्त्यातच राहतात.

आयआरसी ९९ मध्ये, म्हणजे इंडियन रोड्स काँग्रेसच्या गतिरोधकांवरच्या मार्गदर्शिकेत दिलेला उंचवटा वाहतुकीच्या दिशेने ३.७ मीटर रुंद, मध्यावर १० सेंमी उंच आणि १७ मीटर त्रिज्येचा आहे. ताशी २५ किमीने तो आरामात ओलांडता येतो. हा आकार नजरेच्या अंदाजाने कधीच येत नाही. प्लायवुडचा फर्मा, म्हणजे उंचवट्याच्या आकाराचा साचा, कापून घ्या: मध्यावर उंची १०० मिमी, तिथून अर्ध्या मीटरवर ९३, एक मीटरवर ७१, दीड मीटरवर ३४ आणि १.८५ मीटरवर शून्य. ७ मीटर रुंदीच्या रस्त्याला दाबून झाल्यावर पावणेदोन घनमीटर, म्हणजे साधारण ४ टन हॉटमिक्स (गरम डांबर-खडीचं मिश्रण) लागतं.

दोन्ही कडांना जुनं डांबर ३-४ सेंमी खोल खाचून घ्या. खाच नसेल तर कडेचा पातळ थर एका पावसाळ्यात सुटतो आणि तिथेच खड्डा पडतो. पृष्ठभाग झाडून टॅक कोट (नवा थर चिकटण्यासाठी पातळ डांबराचा हात) मारा, माल दोन थरांत टाका आणि त्याचं तापमान ९० अंश सेल्सिअसखाली जायच्या आत दाबून संपवा. छोटा रोलर उंचवट्याच्या लांबीने, म्हणजे रस्त्याला आडवा फिरवा. माथ्यावरून वाहतुकीच्या दिशेने नेला तर माल पुढे ढकलला जातो आणि आकार बिघडतो.

शाळेसमोर मात्र गोल उंचवट्याऐवजी सपाट माथ्याचं क्रॉसिंग करा. माथा निदान ३ मीटर, शहर बसचा मार्ग असेल तर ६ मीटर. १० सेंमी उंचीला दोन्ही बाजूंना दीड मीटरचा उतार पुरतो. माथा फुटपाथला समपातळीत भिडला की व्हीलचेअर आणि बाबागाडी न उतरता पलीकडे जाते.

सगळ्यात जास्त चुका पाण्याच्या बाबतीत होतात. निचऱ्यासाठी कडेला फट सोडली की दुचाकीवाले तिथूनच सुसाट निघतात, तेही पायी चालणाऱ्याच्या अगदी अंगाजवळून. फट बुजवली तर आषाढातल्या पावसात चढाच्या बाजूला तळं साचतं. म्हणून क्रॉसिंग कर्बपर्यंत, म्हणजे फुटपाथच्या कडेच्या दगडापर्यंत, न्या आणि त्याच्या वरच्या अंगाला जाळीचं चेंबर देऊन पाणी पावसाळी गटारात सोडा. चेंबर आधी, डांबर नंतर.

पांढरे थर्मोप्लास्टिक पट्टे, कॅट आय (रात्री चमकणारे रस्त्यातले परावर्तक) आणि ४० मीटर आधीचा फलक हे रस्ता खुला करायच्या आत झालंच पाहिजे. न रंगवलेला ताजा काळा उंचवटा रात्री दुचाकीस्वाराला दिसत नाही. वळणावर, तीव्र उतारावर किंवा महामार्गावर तो घालूच नका. महिन्याभराने तोच फर्मा पुन्हा लावून बघा. माथा सेंटिमीटरभर बसला असेल तर रोलिंग कमी पडलंय.