बैल, घर आणि सेराबित अल खादिम

सिनाईच्या पश्चिम किनाऱ्यावरील अबू रुदैसहून जीपने वाळवंटात शिरून, पुढचा वालुकाश्माचा चढ बेदुइन वाटाड्यामागोमाग पायी चढत मी सेराबित अल खादिमच्या पठारावर पोहोचलो, तेव्हा ऊन चांगलेच तापले होते. समोर हाथोर देवीच्या देवळाचे अवशेष आणि वाऱ्याने झिजलेल्या उभ्या कोरीव शिळा होत्या. या डोंगरातला पिरोजा काढण्यासाठी इजिप्तचे राजे मोहिमा पाठवत आणि त्यांत कनान प्रदेशातले (भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्याजवळचे), अरबी-हिब्रूच्या कुळातल्या म्हणजे सेमिटिक भाषा बोलणारे लोकही असत.

१९०५ साली ब्रिटिश पुरातत्त्वज्ञ फ्लिंडर्स पेट्री यांना इथे इजिप्तच्या चित्रलिपीत न बसणारे काही लेख सापडले. त्यांतलाच जेमतेम वीतभर लांबीचा तांबूस स्फिंक्स मी पूर्वी लंडनच्या ब्रिटिश म्युझियममध्ये पाहिला होता; त्याच्या अंगावर इजिप्तची चित्रलिपी आणि ही वेगळी लिपी, अशा दोन्ही लिप्या आहेत. घर, डोळा, बैल हाकायची पराणी आणि फुली ही चार चिन्हे या लेखांत ओळीने पुन्हा पुन्हा येतात, आणि प्रत्येक वस्तूच्या सेमिटिक नावातला पहिला उच्चार घेतला, की 'बालत', म्हणजे 'स्वामिनी', हा शब्द तयार होतो, हे इजिप्तच्या प्राचीन लिपीचे अभ्यासक ॲलन गार्डिनर यांनी १९१६ मध्ये दाखवले. स्वामिनी म्हणजे अर्थातच हाथोर. आपण मुलांना 'घ घराचा' शिकवतो. इथे घराचे चित्र हेच अक्षर होते.

बैलाला हे कनानी लोक 'अल्प' म्हणत आणि घराला 'बेत'. पुढे भूमध्य समुद्राच्या पूर्व किनाऱ्यावरच्या फिनिशियन लोकांकडून ही नावे ग्रीकांकडे गेली, त्यांची 'अल्फा' आणि 'बीटा' झाली आणि त्यांच्या जोडणीतून 'अल्फाबेट' हा शब्द आला. ग्रीक भाषेत 'अल्फा'ला दुसरा काहीच अर्थ नाही, आणि उसनवारीचा याहून स्पष्ट पुरावा मला माहीत नाही. माझ्या पाण्याच्या बाटलीवरचे इंग्रजी 'ए' मी उलटे धरले, तर दोन शिंगे आणि निमुळते तोंड अगदी स्पष्ट दिसले.

चित्रलिपी वाचता न येणाऱ्या कामगारांनीच ही अक्षरे घडवली, असे प्राचीन इजिप्तच्या अभ्यासक ऑर्ली गोल्डवासर मानतात. इतर काही अभ्यासकांना ते मान्य नाही; पण त्या अरुंद, काळोख्या खाणींच्या तोंडाशी उभे राहिल्यावर मला गोल्डवासर यांचेच म्हणणे पटले.

उतरताना वाटाड्याने खालच्या दरीतल्या एका ठिपक्याएवढ्या घराकडे बोट दाखवले आणि म्हणाला, "बेती." माझे घर.