फरदड आणि पहिल्या दोन ओळी

अपवर्कवर, म्हणजे फ्रीलान्स कामं मिळवायच्या वेबसाइटवर, नवीन खातं उघडलं की पहिल्या आठवड्यात जवळजवळ सगळे एकच गोष्ट करतात. एक प्रपोजल, म्हणजे कामासाठीचं अर्जाचं पत्र, घोटूनघोटून लिहायचं आणि दिसेल त्या जॉबला तेच चिकटवत सुटायचं. 'डिअर हायरिंग मॅनेजर, आय ॲम व्हेरी एक्सायटेड टू अप्लाय' अशी सुरुवात, मग डिग्री, मग 'हार्डवर्किंग, सिन्सिअर, पंक्च्युअल', शेवटी एखादं 'लुकिंग फॉरवर्ड'. वीस ठिकाणी पाठवून कनेक्ट्स (प्रपोजल पाठवायला लागणारी टोकन्स) संपतात, उत्तर एकाचंही येत नाही आणि मग 'तिथे नवख्यांना कोण विचारतो' असं म्हणून खातं पडून राहतं.

आधी खर्चाचा हिशोब. एक कनेक्ट ०.१५ डॉलरला पडतो. जॉबला १२ कनेक्ट्स लागत असतील तर ते एक प्रपोजल १.८० डॉलरचं, म्हणजे दीडशे रुपयांच्या वर. अशी वीस पाठवली की ३६ डॉलर, तीन हजार रुपये गेले. एवढ्या पैशांत प्रत्येक प्रपोजलला अर्धा तास दिला तरी तो स्वस्तच पडतो. 'बूस्ट' करून वर येण्यासाठी जादा कनेक्ट्स लावायची सोय आहे, पण सुरुवातीला तिच्या नादी लागू नका. वाईट प्रपोजल वर नेऊन ठेवलं तर ते फक्त लवकर नाकारलं जातं.

क्लायंटच्या बाजूने काय दिसतं ते डोळ्यांसमोर आणा. प्रपोजल्सची यादी. प्रत्येकापुढे फोटो, नाव, प्रोफाइलचं शीर्षक, देश, दर आणि त्याखाली पत्राच्या पहिल्या दोनेक ओळी. बाकीचं पत्र उघडल्याशिवाय दिसत नाही. त्यामुळे 'माझं नाव अमुक, मी तमुक विद्यापीठातून एम. ए. केलं' यात तुमची सगळ्यात महाग जागा फुकट जाते. नाव तर तिथे आधीच छापलेलं आहे.

लिहायला बसण्याआधी जॉब निवडणं हे निम्मं काम आहे, आणि त्याचाच लोकांना कंटाळा असतो. जॉबच्या पानावर खाली त्या जॉबवर काय हालचाल आहे ते दिसतं: प्रपोजल्स किती आली (पाचपेक्षा कमी, ५ ते १०, असं करत ५० च्या वर), क्लायंटने शेवटचं कधी पाहिलं, किती जणांशी बोलणं चालू आहे. बाजूला क्लायंटची कुंडली असते: पेमेंट व्हेरिफाइड आहे का (पैसे द्यायची त्याची सोय अपवर्कने तपासली आहे का), आतापर्यंत किती खर्च केला, टाकलेल्या जॉब्सपैकी कितींवर खरोखर माणूस घेतला, मागच्यांनी त्याच्याबद्दल काय लिहिलं. चार दिवसांपूर्वीचा जॉब, पन्नासच्या वर प्रपोजल्स, पाच जणांशी बोलणं चालू, तर तो सोडा. दोन तासांपूर्वीचा, दहाच्या आत प्रपोजल्स, पेमेंट व्हेरिफाइड, आणि वर्णन नीट चार-पाच वाक्यांचं असेल तर बसा लिहायला. अमेरिकेतले क्लायंट हवे असतील तर वेळही बघा. न्यूयॉर्कचे सकाळचे नऊ म्हणजे आपल्याकडे त्यांच्या उन्हाळ्यात संध्याकाळचे साडेसहा, हिवाळ्यात साडेसात. जेवणाआधीचा तास-दोन तासांचा वेळ याला चांगला.

आता एक जॉब जवळून बघू. समजा, परदेशातल्या एका संशोधकाने टाकलं आहे: विदर्भातल्या कापूस शेतकऱ्यांच्या सहा मराठी मुलाखती, प्रत्येकी साधारण ३० मिनिटं. मराठीत ट्रान्सक्रिप्ट (ऐकून लिहून काढलेलं बोलणं) हवं, मग इंग्रजी भाषांतर, दर मिनिटाला टाइमस्टॅम्प (वेळेची नोंद), वर्ड फाइलमध्ये. मराठी येणाऱ्या नवख्यासाठी असा जॉब सोन्यासारखा, कारण इथे स्पर्धा अख्ख्या जगाशी नसते.

बहुतेक जण लिहितील: 'मराठी माझी मातृभाषा आहे, मला अचूक भाषांतराचा अनुभव आहे, मी वेळेत काम देईन.' यातलं काहीच खोटं नाही, पण हे तिथल्या बाकीच्या पंधरा जणांनीही लिहिलेलं असणार. मातृभाषा मराठी असलेले आठ-नऊ कोटी लोक आहेत.

त्याऐवजी ती मुलाखत ऐकायला बसल्यावर पहिली अडचण कुठे येईल याचा विचार करा. विदर्भातला शेतकरी 'मला' म्हणणार नाही, 'मले' म्हणेल. 'का' ऐवजी 'काहून', 'करतोय' ऐवजी 'करून रायलो'. ट्रान्सक्रिप्टमध्ये हे जसंच्या तसं ठेवायचं की प्रमाण मराठीत आणायचं? भाषाशास्त्रज्ञाला पहिलं हवं असेल, अर्थतज्ज्ञाला कदाचित दुसरं चालेल. आणि 'फरदड' हा शब्द आला तर? मुख्य वेचणी झाल्यावर पराटी (कपाशीचं झाड) न उपटता, पुन्हा पाणी देऊन तिच्यावर घेतलेलं पुढचं पीक, हे सगळं त्या एका शब्दात आहे. बोंडअळीच्या बोलण्यात तो हमखास येतो. इंग्रजीत त्याला एका शब्दात बसवलं तर संशोधकाच्या हाती चुकीची माहिती जाईल.

हे लक्षात घेऊन प्रपोजल असं होईल (पाठवायचं अर्थात इंग्रजीत):

'तुमच्या सहा मुलाखतींत सुरुवातीलाच एक गोष्ट ठरवावी लागेल: शेतकऱ्यांची वऱ्हाडी बोली ट्रान्सक्रिप्टमध्ये जशी आहे तशी ठेवायची, की प्रमाण मराठीत लिहायची? मी जशी आहे तशी ठेवून इंग्रजी भाषांतर सरळ करावं असं सुचवेन, म्हणजे मूळ बोलणं तुमच्याकडे राहील.

फरदड, पराटी, वखर अशा शेतीच्या शब्दांना मी इंग्रजीत पर्याय शोधत बसणार नाही. मूळ शब्द ठेवून पहिल्यांदा येईल तिथे कंसात एका ओळीत अर्थ देईन आणि शेवटी सगळ्यांची यादी जोडेन.

१८० मिनिटांच्या ऑडिओला मला १२ दिवस लागतील. पहिली मुलाखत चौथ्या दिवशी देईन. ती पाहून तुम्ही पद्धतीत बदल सांगू शकाल, मग उरलेल्या पाच त्याच पद्धतीने होतील. ऐकू न आलेली जागा अंदाजाने भरणार नाही, तिथे वेळ टाकून खूण करीन. ऑडिओ कुठल्याही ऑनलाइन टूलवर चढवणार नाही.

दोन मिनिटांच्या वऱ्हाडी संभाषणाचं माझं ट्रान्सक्रिप्ट आणि भाषांतर सोबत जोडलं आहे. एक विचारायचं होतं: एका मुलाखतीत एकच माणूस बोलतो की घरातले बाकीचेही मध्ये बोलतात?'

बस्स. एवढंच. यात डिग्री नाही, 'अनुभव' हा शब्दही नाही, तरी वाचणाऱ्याला कळतं की या माणसाने काम हातात घेतल्यासारखा विचार केलाय. शेवटचा प्रश्नही उगाच नाही. चार जण एकमेकांच्या बोलण्यावर बोलत असतील तर ट्रान्सक्रिप्टचा वेळ सहज दीडपट होतो. प्रश्न असा हवा की उत्तर एका ओळीत देता यावं आणि त्या उत्तराने तुमच्या कामात खरोखर फरक पडावा. 'तुमच्या अपेक्षा काय आहेत?' हा प्रश्न नव्हे, तो क्लायंटला दिलेला गृहपाठ आहे.

भाषेचं काम नसलं तरी रीत हीच. डेटा एंट्री असेल तर पीडीएफ स्कॅन केलेले आहेत की त्यातला मजकूर कॉपी होतो, हे विचारा. जुन्या मराठी पुस्तिकेचं काम असेल तर फाइल युनिकोडमध्ये आहे की श्रीलिपी, कृतिदेवसारख्या जुन्या फॉन्टमध्ये, हे विचारा. नाहीतर भाषांतर सुरू करण्याआधी मजकूर सोडवण्यातच दिवस जातो.

सॅम्पलबद्दल. काम मिळालं नाही म्हणून सॅम्पल नाही, सॅम्पल नाही म्हणून काम नाही, हे रडगाणं फार ऐकू येतं. अहो, सॅम्पलला क्लायंट कशाला लागतो? सगळ्यांना खुलं असलेलं दोन मिनिटांचं ऑडिओ घ्या, ट्रान्सक्रिप्ट करा, भाषांतर करा, एका पानाची स्वच्छ पीडीएफ बनवा आणि त्यावर 'सरावासाठी केलेलं' असं सरळ लिहा. दुसऱ्या क्लायंटचं खासगी काम सॅम्पल म्हणून कधीही जोडू नका. आज त्याचं दाखवलंत तर उद्या माझंही दाखवाल, हे समोरच्याच्या लगेच लक्षात येतं. आणि क्लायंटने 'चाचणी म्हणून' अख्खी तीस मिनिटांची फाइल फुकट मागितली तर दोन मिनिटांचा तुकडा करून देतो म्हणा. त्यावर तो रुसला तर रुसू दे.

दर ठरवताना नवखे सगळ्यात जास्त गोंधळतात, कारण तासांचा अंदाजच नसतो. वरच्याच जॉबचा हिशोब मांडू. एका मिनिटाच्या ऑडिओला सवय नसलेल्या माणसाला पाच मिनिटं धरा, म्हणजे १८० मिनिटांना १५ तास. पुन्हा ऐकून तपासायला आणखी ३. बोलण्यात मिनिटाला शंभरएक शब्द धरले तर १८,००० शब्द झाले. दिवसाला २,००० शब्दांचं नीट भाषांतर होतं, म्हणजे ९ दिवस. रोजचे ६ तास धरले तर ५४ तास. एकूण ७२ तास. तासाला ४०० रुपये हवे असतील तर २८,८०० रुपये. क्लायंटचं बजेट १०० डॉलर असेल तर तासाला जेमतेम सव्वाशे पडतात, आणि त्यातून अपवर्कची फी जायची आहे ती वेगळीच. प्रपोजलमध्ये रक्कम भरताना फी वजा होऊन हातात किती येणार ते खाली दिसतं, तो आकडा बघून ठरवा. अशा वेळी रक्कम पाडण्यापेक्षा काम पाडा: 'या बजेटमध्ये सहाही मुलाखतींचं मराठी ट्रान्सक्रिप्ट देतो, भाषांतराचा दर वेगळा.' पुष्कळदा हे चालून जातं. आणि १२ दिवसांचं काम 'दोन दिवसांत देतो' असं लिहिणाऱ्याला वाटतं आपण स्पर्धेत पुढे गेलो. काम माहीत असलेला क्लायंट त्यावरूनच ओळखतो की या माणसाने ऑडिओ कधी लिहून काढलेलं नाही, किंवा तो मशीनवर टाकून मोकळा होणार आहे.

शब्दावर दर असेल तर कुठले शब्द मोजायचे ते प्रपोजलमध्येच लिहा. मराठीत प्रत्यय शब्दाला चिकटतात. 'घरातल्यांनीसुद्धा' हा एक शब्द. इंग्रजीत तोच 'ईव्हन द पीपल इन द हाउस', सहा शब्द. मराठीतून इंग्रजीत जाताना मूळ शब्द मोजले तर तुमचं नुकसान, इंग्रजीतून मराठीत येताना भाषांतराचे मोजले तरी तुमचंच.

फिक्स्ड प्राइस, म्हणजे पूर्ण कामाची ठरलेली रक्कम, असेल तर माइलस्टोन (पैशांसकट कामाचे टप्पे) तुम्हीच सुचवा: पहिला एका मुलाखतीचा, उरलेल्या पाच मुलाखतींचे आणखी दोन. त्या माइलस्टोनचे पैसे एस्क्रोमध्ये (काम होईपर्यंत मध्ये राखून ठेवलेल्या खात्यात) जमा झालेले दिसल्याशिवाय कामाला हात लावू नका. फाइल त्या माइलस्टोनखालीच रीतसर सबमिट करा, नुसती मेसेजमध्ये टाकू नका. सबमिट केल्यावर क्लायंट गप्प राहिला तर १४ दिवसांनी पैसे आपोआप सुटतात, मेसेजमधल्या फाइलला ते लागू नाही.

छोट्या गोष्टींत माती होते ती अशी. वर्णनात मध्येच कुठेतरी लिहिलेलं असतं, 'प्रपोजलच्या सुरुवातीला अमुक शब्द लिहा'. ते न वाचता पाठवणारे तिथेच गळतात, आणि त्यासाठीच ते लिहिलेलं असतं. क्लायंटने वेगळे प्रश्न दिले असतील तर त्यांची उत्तरं पत्राइतकीच मन लावून लिहा. 'वर सांगितल्याप्रमाणे' लिहून सुटू नका. पत्रात फोन नंबर, ईमेल, व्हॉट्सॲप देऊ नका, कॉन्ट्रॅक्ट सुरू होण्याआधी ते नियमाविरुद्ध आहे आणि खातं जाऊ शकतं. उलट समोरूनच 'टेलिग्रामवर या' आलं, किंवा कामाआधी डिपॉझिट मागितलं, तर तो क्लायंट नाही, भामटा आहे. पीडीएफचं साधं टायपिंग आणि मोबदला शेकडो डॉलर, हा त्यांचा जुना आवडता सापळा.

एआयकडून प्रपोजल लिहून घ्यायचा मोह सगळ्यांनाच होतो. इंग्रजी व्याकरण तपासायला जरूर वापरा. पण जॉब पेस्ट करून उत्तर मागितलं की तुमच्यासारख्याच दहा जणांना तेच गुळगुळीत पत्र मिळतं, आणि क्लायंटच्या यादीत ती दहा एकाखाली एक दिसतात. फरदडीचा प्रश्न तुम्हाला सुचला पाहिजे. तो सुचल्यावर वाक्य कोणी दुरुस्त केलं याने फारसा फरक पडत नाही.

पाठवल्यावर क्लायंटने उत्तर दिल्याशिवाय तुम्हाला दुसरा मेसेज टाकता येत नाही, त्यामुळे मागे लागायचा प्रश्नच नाही. एक साधी एक्सेल शीट ठेवा: तारीख, जॉब, कनेक्ट्स, पहिली ओळ कोणती लिहिली, उत्तर आलं का. अपवर्कच्या आकडेवारीच्या पानावर किती प्रपोजल्स पाहिली गेली आणि किती जणांशी बोलणं झालं हेही दिसतं. पंधराएक झाली की दोन्ही शेजारी ठेवून बघा. पाहिलीच गेली नसतील तर दोष पहिल्या दोन ओळींत, फोटोत किंवा प्रोफाइलच्या शीर्षकात. पाहिली गेली पण कोणी बोललं नाही, तर सॅम्पल आणि दर तपासा. बोलणं होऊन काम दुसऱ्याला गेलं, तर उत्तर द्यायला तुम्हाला किती तास लागले ते बघा; रात्री दहाला आलेल्या मेसेजला सकाळी उत्तर दिलं तोवर तिकडे दिवस संपलेला असतो.